नाव मावत नाही तेव्हा

बाई, आज सकाळी तुमच्या भाचीचा फोन आला होता, कोल्हारहून. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दिवाळीला आणि तुमच्या तिथीच्या आसपास ती मला न चुकता फोन करते, आणि दर वेळी मी तो थोडा वाजू देऊन मगच उचलते. आज म्हणाली, "ताई, मावशीच्या मोबाईलवर तुमी गोळ्यांचं ते टाकलं हुतं ना, तसंच आमच्या सासूबाईंना टाकून द्या की. लई इसरतात त्या. मावशीच्या गोळ्या कशा येळच्या येळी हुत्या त्याच्यामुळं." मी हो म्हणाले. उद्याच येते म्हणाले. तेव्हापासून टेबलाशी नुसती बसून आहे. शनिवार आहे, ऑफिसात कुणी नाही, म्हणून कागद पुढे ओढला. तुम्ही असतात तर आधी अक्षराला नावं ठेवली असती आणि मग मजकूर वाचला असता.

माझं काम काय आहे हे मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं, नगरच्या सावेडीत, तुमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. मोबाईलच्या पडद्यावर बटणं असतात, चौकटी असतात, त्यांच्यावर काहीतरी लिहिलेलं असतं, त्याला आम्ही लेबल म्हणतो. ते लेबल केवढं ठेवायचं, कुठे बसवायचं, लहान पडद्यावर मावलं नाही तर कुठे सरकवायचं, हे मी ठरवते. तुम्ही बिनसाखरेचा चहा गाळत होतात. मान वर न करता म्हणालात, "म्हणजे अजून नकाशाच भरतेस की." मला जरा रागच आला होता. एवढं शिकून, पुण्यात चार वर्षं काढून, नगरला परत येऊन चांगली नोकरी मिळवली, आणि बाईंच्या लेखी मी अजून आठवीतच. पण तुमचं बरोबर होतं. मी तेच करते आहे, आणि ते तुम्हीच शिकवलं आहे.

कोपरगावची आपली शाळा, आठवीचा वर्ग, दुपारचा तास. महाराष्ट्राचा कोरा नकाशा भरायचा आहे. मी मुंबईवर 'मुं.' लिहिलं आहे आणि प्रवरेवर 'प्र. न.', आणि सगळ्यांच्या आधी वही नेऊन तुमच्या टेबलावर ठेवली आहे. तुम्ही मला बाकावर उभी करता.

"हे काय आहे?"

"बाई, मावत नव्हतं."

"मावत नव्हतं म्हणून नदीचे हातपाय तोडलेस होय?"

सगळा वर्ग खिदळतो. तुम्ही हसत नाही. "मुंबईला जागा नाही ना, मग रेघ ओढ आणि समुद्रात लिही. एवढा मोठा समुद्र रिकामा ठेवलाय तो कशाला? आणि नदीचं नाव नदीच्या अंगानं लिहायचं, ती वळेल तसं." मग माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणता, "अर्धं नाव लिहिलंस की उरलेलं वाचणाऱ्यानं ओळखायचं. म्हणजे तुझं काम तू त्याच्या गळ्यात घातलंस." त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्याशेजारी बाकावर बसून राहिलात आणि माझ्याकडून तोच नकाशा तीन वेळा भरून घेतलात. तिसऱ्या वेळी तुमचा बारीक निबेचा पेन दिलात. परत मागितला नाहीत. त्या पेनानं मी दहावीपर्यंतचे सगळे नकाशे भरले, आणि प्रत्येक नाव पुरतं लिहिलं.

मग इतक्या वर्षांनी सावेडीच्या भाजीबाजारात तुम्ही दिसलात, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात पैशांचं पाकीट धरून, पैसे दिले की द्यायचे आहेत हे भाजीवालीला विचारत. एकट्याच राहत होतात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. साखरेचा आजार होता. दुपारी जेवणाआधी एक गोळी, जेवणानंतर एक. भाची दर रविवारी संध्याकाळी कोल्हारहून येऊन आठवड्याच्या गोळ्या दोन डब्यांत भरून जायची, सात आणि सात. डब्या एकसारख्या, निळ्या झाकणाच्या. त्यांच्यावर तुम्ही तुमच्या नकाशातल्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर', डबीच्या गोलाईबरोबर वळवलेल्या. आमच्या कंपनीनं तेव्हा एका डॉक्टरांसाठी गोळ्यांची आठवण देणारं ॲप नुकतंच केलं होतं. त्यातली लेबलं सगळी माझी. मोठ्या तोऱ्यात ते मी तुमच्या मोबाईलवर टाकून दिलं. साडेबाराला वाजेल, दीडला वाजेल, पडद्यावर येईल तीच डबी उघडायची. तुम्ही शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलंत, "ही माझी विद्यार्थिनी." मी तशीच उभी होते, ऐकत, आणि मला फार बरं वाटत होतं.

आठवड्याभरानं तुमचा फोन आला. तुमच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं, म्हणून तुम्ही मोबाईलची अक्षरं असतील तेवढी मोठी करून घेतली होती. "अगं, नाव अर्धंच दिसतंय. दोन्ही वेळेला नुसतं 'जेवणा' येतं आणि पुढे तीन टिंबं."

मी कामात होते. म्हटलं, "बाई, अक्षर जरा बारीक करा, मग दिसेल सगळं."

"बारीक केलं की मला दिसत नाही आणि मोठं केलं की तुला मावत नाही. मग मी करू काय?"

मी हसले. म्हटलं, "अहो, सोपं आहे. पहिल्यांदा वाजेल ते आधीचं, दुसऱ्यांदा वाजेल ते नंतरचं."

तुम्ही म्हणालात, "पहिल्यांदा वाजलं होतं का, हेच आठवत नाही ना. आठवत असतं तर तुझं ॲप कशाला घेतलं असतं?" मी म्हटलं, करते बाई, करते दुरुस्त. तुम्ही ठेवते म्हणालात आणि फोन ठेवलात.

काय झालं होतं ते मला फोनवरच कळलं होतं. मी चौकट आधी आखली होती, एवढी रुंद, एवढी उंच, आणि शब्द नंतर तिच्यात कोंबला होता. मावला नाही की मोबाईल आपणहून त्याची शेपूट कापतो आणि टिंबं देतो. करायचं असतं उलट. आधी शब्दाला विचारायचं, तुला किती जागा लागते, मग तेवढी चौकट करायची. एका ओळीत बसला नाही तर दुसरी ओळ द्यायची आणि खालचं सगळं खाली सरकवायचं. जागा असते, बाई. पडद्यावर खालचा अर्धा भाग नुसता रिकामा होता. दीड दिवसाचं काम. पण त्या आठवड्यात डॉक्टरांना पहिल्या पानाचे रंग पसंत पडत नव्हते आणि मी त्यात गुंतले होते. कामांच्या यादीत तुमची तक्रार लिहिली आणि पुढे स्वतःच्या हातानं 'घाई नाही' असं लिहिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला.

त्यानंतरच्या गुरुवारी तुम्ही दुपारी स्वयंपाकघरात पडलात. शेजारच्या काकू वाटीभर आमटी द्यायला आल्या, तेव्हा तुम्ही फरशीवर होतात. मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात साखर पाहिली तर फार उतरलेली होती. डॉक्टर भाचीला म्हणाले, या वयात होतं असं, जेवण कमी पडलं असेल. साखर त्यांनी वर आणली, पण हाड मोडून पडून राहिल्यानं छातीत कफ झाला आणि तो काही आवरला नाही. अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. साखर का उतरली हे कुणालाच सांगता आलं नाही. मला विचारलं तेव्हा मीही तेच म्हणाले, वय झालं होतं.

तुमचं लेबल मी त्या अकरा दिवसांतच दुरुस्त केलं. आता आमच्या ऑफिसात कुणी लेबल कापलं की मी ते पान परत पाठवते. प्रत्येक पान सगळ्यांत मोठ्या अक्षरात उघडून बघते, मराठीत, आणि मग एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून वाचून घेते. मला चिडवतात पोरं. मागे आमच्या साहेबांनी चार लोकांसमोर माझं कौतुक केलं, म्हणाले, वयस्कर माणसांचा एवढा विचार करणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. मी थँक्यू म्हणाले. अंगावर पाल पडल्यासारखं झालं, पण थँक्यू म्हणाले.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते, नाहीतर परत रंगांतच अडकेन. तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीनं मला किल्ली दिली आणि तुमचा चष्मा आणि एक धुतलेली साडी आणायला घरी पाठवलं. घरात मी एकटीच होते. पातेल्यात भात तसाच होता. ओट्यावर तुमच्या दोन्ही डब्या होत्या. मी त्या उघडल्या, बाई. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चार दिवस झाले होते. सातातल्या चार गेल्या की प्रत्येक डबीत तीन उरायला हव्या होत्या. 'जेवणाआधी'मध्ये दोन होत्या. 'जेवणानंतर'मध्ये चार होत्या. मी त्या तळहातावर ओतून पुन्हा मोजल्या. एक दिवस तुम्ही दोन्ही वेळेला आधीचीच गोळी घेतली होती, साखर उतरवणारी. कुठला दिवस, हे गोळ्या सांगत नाहीत. पण मला कळायचं ते कळलं. त्या सहाही गोळ्या मी कागदात बांधून पर्समध्ये टाकल्या. डब्या आतून धुतल्या, पुसल्या आणि ओट्यावर पालथ्या ठेवल्या. मग कपाटातून तुमची साडी काढली.

तेराव्याला भाची म्हणाली, "ताई, किती केलं तुमी मावशीचं. घर सुदीक आवरून ठेवलं." आणि त्याच दोन डब्या माझ्या हातात दिल्या, "मावशीच्या हातचं अक्षर हाय, तुमच्याकडं राहू द्या." आणखी काय शिक्षा हवी होती मला. त्या माझ्या टेबलावर आहेत, आत्ता लिहिताना समोरच आहेत. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या आहेत, पण अक्षर लांबूनही वाचता येतं.

उद्या कोल्हारला जाईन. सासूबाईंच्या मोबाईलवर ॲप टाकीन, अक्षर मोठं करून देईन, त्यांच्याकडून दोन्ही वेळचं लेबल मोठ्यानं वाचून घेईन. डब्या पिशवीत घालून नेणार आहे. पिशवीतून बाहेर काढेन की नाही, माहीत नाही. हा कागद मात्र नेणार नाही, इथेच खणात जाईल. याच्या आधीचे दोन कागद मी भाचीच्या नावानं सुरू केले होते, बाई. दोन्ही फाडले. तुम्ही फार तर बाकावर उभी केली असतीत आणि मग शेजारी येऊन बसला असतात, म्हणून तिसऱ्यावर तुम्हाला लिहिलं.