रोजचे पन्नास फटके

प्रिय टकळी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगतो, पिटुकली ठणठणीत आहे. खाते, पिते, शाळेत जाते आणि माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटते. रोज संध्याकाळी फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनच्या वेळी तुझी लेक माझ्या मांडीवर असते, आणि तिच्यासमोर बोलता येणार नाही असं काहीतरी आहे. चार दिवस लिहितोय आणि फाडतोय. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचा हात साध्या कागदावर अडखळतोय, हसू नकोस.

गोल्फपासूनच सुरुवात करतो, कारण ते खूळ माझ्या मागे तूच लावलंस. तुझी आई गेल्यावर मी भिंतींशी बोलायला लागलो होतो, आणि निवृत्तीच्या दिवशी तू ती लांबलचक काठी आणि दहा शिकवण्यांची चिठ्ठी हातात ठेवलीस. मी किती कुरकूर केली होती ते आठवतं ना? ड्रायव्हर माणूस, आयुष्यभर प्रवासी उचलले, आता गवतातले चेंडू उचलू का, म्हणून. पहिल्या दिवशी मी चेंडू सोडून सगळ्याला मारलं, जमिनीला जास्तच. शिकवणारे मास्तर तुझ्याच वयाचे, पण शहाणे. म्हणाले, काका, आठवड्यातून एकदा इथे येऊन घाम गाळू नका, घरी रोज थोडं करा. चेंडू नको, नुसता फटका. रोज पन्नास, पण एकही दिवस खाडा नाही.

सवय लागायला त्यांनी युक्तीही सांगितली. नवी गोष्ट जुन्या गोष्टीला बांधायची. मी सकाळी चहाचं पाणी ठेवतोच, तेव्हा काठी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी करून ठेवली. पाणी ठेवलं की काठी हातात. पहिले दहा पाय जुळवून, हळू. मग दहा काखेत नॅपकिन धरून, तो पडला तर फटका चुकला. उरलेले तीस पूर्ण. दिवस झाला की कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ. पहिल्या महिन्यात सात खाडे होते, दुसऱ्यात दोन, आणि त्यानंतर आजारपणातसुद्धा एकही नाही. तुला फोनवर सांगायचो तेव्हा तू म्हणायचीस, बाबा, एवढा अभ्यास मी दहावीलाही केला नव्हता. ते खरंच होतं.

गेल्या वर्षभरात माझा फटका फारच सुधारला. मास्तर चारचौघांत माझं उदाहरण द्यायला लागले. म्हणायचे, नवशिक्यांचं डोकं हलतं, नजर इकडेतिकडे भरकटते, पण या काकांकडे बघा, चेंडू गेला तरी नजर जागची हलत नाही. मी घरी येऊन तुझ्या आईच्या फोटोला सांगितलं. या वयात कुणी पाठ थोपटली की माणूस जरा फुगतो. त्याच वर्षात दाराची चौकट माझ्या खांद्याला लागायला लागली. शेजारीण म्हणाली की मी शिष्ट झालोय, हात केला तरी बघत नाही. गाडीच्या डाव्या अंगाला फाटकाचा ओरखडा आला. एकतीस वर्षांत पहिला. मी फाटकाला शिव्या दिल्या आणि विषय संपवला.

आता मुद्द्यावर येतो. तू पिटुकलीला माझ्याकडे ठेवून प्रशिक्षणाला गेलीस त्याला अकरा दिवस झाले होते. सकाळी पाणी ठेवलं, काठी घेतली, मागच्या अंगणात गेलो. काठी उचलण्याआधी आजूबाजूला बघायचं, हा मास्तरांचा पहिला धडा, आणि मला तो वेगळा शिकवावा लागला नव्हता. बस हलवण्याआधी डावं, उजवं, मागचं बघणं माझ्या हाडात आहे. मी बघितलं. अंगण रिकामं होतं. सत्ताविसावा फटका होता. काठी खाली आली, वर गेली आणि मधेच कशाला तरी लागली, आणि काहीतरी उडून कुंपणावर आपटलं. तो पिटुकलीचा बूट होता. नाडी बांधून घ्यायला ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी होती आणि बूट तिने उंच धरला होता, मला दिसावा म्हणून. तिच्या हाताला खरचटलंसुद्धा नाही. तिला ती गंमत वाटली. म्हणाली, आजोबा, परत करा ना. मी तिथेच मातीत बसलो आणि तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. आत पाणी आटून भांडं करपलं.

त्या दिवशी दिवसभर मी स्वतःला एकच सांगत होतो की सवयीने माणूस बेफिकीर होतो, मी नीट बघितलंच नसणार. पण मी बघितलं होतं. ती तिथे होती, आणि मला दिसली नाही. कोणती भीती मोठी ते मला ठरवता येईना. पिटुकली शाळेत असताना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, चष्मा बदलायचाय असं सांगून. त्यांनी एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, हातात बटण दिलं आणि सांगितलं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहा, कडेला कुठेही दिवा चमकला की दाबा. मी बराच वेळ बसलो. मग मीच विचारलं, सुरू केलंय का? तर तपासणी अर्ध्यावर आली होती.

काचबिंदू आहे, टकळी. तू नर्स आहेस, तुला पुढचं सांगायला नको. दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेली आहे, ती परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब आहेत. समोरचं मला अजून सुईच्या नेढ्यापर्यंत दिसतं, म्हणूनच इतके दिवस कळलं नाही. मास्तर ज्याला एकाग्रता म्हणत होते ती ही होती. चेंडूशिवाय मला दुसरं काही दिसतच नव्हतं, तर नजर भरकटणार कुठे? डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या, गाडी चालवायची नाही आणि पुढच्या वेळी घरचं कुणीतरी सोबत आणायचं. मी हो म्हटलं, बाहेर आलो आणि गाडी चालवत शाळेत गेलो, पिटुकलीला आणायला.

आणि पुढचे नऊ दिवस तेच केलं. मान घुबडासारखी वळवत, रस्त्याच्या कडेने, रांगत्या वेगाने, मागे तुझी लेक गाणी म्हणत बसलेली. मनाशी म्हणायचो, एकतीस वर्षांचा हात आहे, तो चुकणार नाही. खरं कारण ते नव्हतंच. ऑपरेशन थिएटरच्या या प्रशिक्षणासाठी तू सहा वर्षं थांबलीस. अजून तीन महिने आहेत. मी तोंड उघडलं की तू सगळं टाकून परत येणार, हे मला ठाऊक होतं. आणि त्याच्याही खाली दुसरी भीती होती, तीही लिहून टाकतो. एकदा तुला सांगितलं की ते खरं होणार होतं. मला आंधळं व्हायची फार भीती वाटते गं. कॅलेंडरवर रेघा मात्र मी रोज मारतोय, त्या दिवसापासून एकही फटका न मारता. तुझ्या लेकीने विचारू नये म्हणून.

मागच्या शनिवारी दुपारी मी अंगणात खुर्ची टाकली, समोरच्या फाटकाच्या कडीवर नजर लावली आणि पिटुकलीला म्हटलं, माझ्या पाठीमागून हळूहळू पुढे ये, दिसलीस की सांगतो. डॉक्टरांचं यंत्र खोटं ठरावं, एवढीच आशा होती. ती चवड्यांवर येत राहिली आणि दर पावलाला विचारत राहिली, दिसले का आजोबा? तिचा आवाज कानाशी आला, मग खांद्याशी. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि मला अजून कडीच दिसत होती. मी म्हटलं, हो, दिसलीस, केव्हाच दिसलीस. ती खूश होऊन उड्या मारायला लागली. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आता तिला पक्कं ठाऊक आहे की ती कुठेही उभी असली तरी आजोबांना दिसते. ती गाडीसमोरून निर्धास्त जाईल, मी उकळतं पातेलं उतरवत असताना माझ्या कोपराशी येऊन उभी राहील. गाडीची किल्ली मी त्याच संध्याकाळी शेजारणीकडे दिली, शाळेतही तीच सोडते. पण पिटुकलीला खरं सांगायचं धाडस मला होत नाही. चार दिवस रोज तोंड उघडतो आणि मिटतो. तू ये, टकळी, आणि तिला सांग की आजोबांना ती दिसत नाही.

तुझाच,
बाबा