घरची चार मतं

३ तारीख, संध्याकाळ
मतदानाला सहा दिवस. शाळेपासूनचा मित्र, चौकातला चष्मेवाला, अपक्ष उभा आहे. दुकानात जाऊन शब्द दिला : आमच्या घरची चार मतं पक्की. मी, ही, कन्या, बाबा. त्याने लगेच चहा मागवला. भरात शंभर पत्रकं वाटायचंही कबूल केलं. घरी सांगितलं, तर ही म्हणाली, माझं मत माझं मी बघेन. म्हणजे होकारच. बावीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

५ तारीख
पत्रकं वाटली. शंभरातली अकरा. गुडघा कुरकुरतोय, आणि लोकांना फार भंडावूनही चालत नाही. कन्येचं हे पहिलंच मत. तिला पाऊण तास समजावलं. तिच्या कानात हेडफोन होते, पण मान हलवत होती.

८ तारीख
उद्याचं टाइमटेबल फ्रिजवर लावलं. सहाला उठणे, पावणेसातला प्रस्थान, रांगेत पहिला नंबर. बाबा चौऱ्याऐंशीचे, म्हणून टॅक्सी सांगून ठेवली. बाबांनी टाइमटेबल वाचलं आणि विचारलं, मला आंघोळीला चारच मिनिटं? शिस्त म्हटली की लोक अस्वस्थ होतात.

९ तारीख, मतदान
स. ८.१० : उठलो. गजरात काहीतरी बिघाड. बाकी तिघं तयार होऊन बसलेली. मला हाक का नाही मारली? ही म्हणाली, तीनदा मारली, तिसऱ्यांदा तुम्ही ओरडलात.

स. ९.३० : निघालो. कोपऱ्यावरून परत. माझं ओळखपत्र.

स. १०.१५ : सापडलं. हरवू नये म्हणून मीच टाइमटेबलाच्या मागे चिकटवलं होतं. टॅक्सीवाला कंटाळून गेला. बाबा काठी घेऊन चालतच सुटले.

स. ११ : शाळेत केंद्र. साठ माणसं पुढे. बाबांना केंद्रावरच्या अधिकारी बाईंनी थेट आत घेतलं. मदतीला म्हणून मीही घुसलो. बाईंनी विचारलं, आजोबा, यांना आत येऊ देऊ का? ओळखता ना यांना? बाबा म्हणाले, ओळखतो, म्हणूनच नको. रांगेत हशा. मला परत शेवटी उभं केलं. तोवर ही आणि कन्या मत देऊन बाहेरसुद्धा आल्या.

दु. १२.४० : मत दिलं. बटणापाशी बोट नेलं आणि डोक्यात चक्र फिरलं. मित्राला घरची तीन मतं आहेतच. निवडून येणार त्याच्या विरोधातले बंगलेवाले, हे शेंबडं पोरही सांगेल. आपलं एक मत जिंकणाऱ्याकडे असलेलं बरं, पुढेमागे नळाच्या तक्रारीला उपयोग. याला मुत्सद्देगिरी म्हणतात. दाबलं.

रस्त्यापलीकडे चष्मेवाला उभा होता. त्याने लांबूनच भुवया उडवल्या. मी शाई लावलेलं बोट उंच केलं. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१२ तारीख, दुपार
निकाल. बंगलेवाले आले. माझा अंदाज अचूक.

१२ तारीख, संध्याकाळ
चष्मेवाला घरी आला. चेहरा उतरलेला. तो राहतो पलीकडच्या वॉर्डात, त्यामुळे त्याचं स्वतःचं मत दुसरीकडे. आमच्या केंद्रावर त्याला किती? एक. मला मिठी मारून म्हणाला, घरच्यांना दोष देऊ नकोस, पण तू शब्द पाळलास. ही स्वयंपाकघरात गेली. कन्या मोबाईलमध्ये. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो. काय करणार? त्या क्षणी सुधारणा करणं बरं दिसलं नसतं.

तो गेल्यावर हिला विचारलं. नाही. कन्येला विचारलं. नाही, आणि पुन्हा विचारू नका. राहिले बाबा. खुर्चीत पेपर वाचत होते. म्हटलं, तुम्ही? पेपर खाली न करताच म्हणाले, हो. तुम्हाला तर त्याचं भाषण अजिबात आवडलं नव्हतं, मी म्हटलं. बाबा म्हणाले, नव्हतंच. पण तू काही देणार नाहीस असं वाटलं.

बाबांनी पान उलटलं.

१३ तारीख
उद्यापासून रोज सकाळी चालायला जाणार. नियमित. चौकातून नाही, मागच्या गल्लीने.