साखरपुड्याच्या दिवशी क्रोटनपाशी

मारुतराव देवळातून परतले तेव्हा दौंडच्या फ्लॅटमध्ये कोणीच नव्हतं. फ्रिजवर सुनेची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"आबा, आम्ही ज्ञानेश्वरीच्या साखरपुड्याला शिरूरला निघालो. तुमचा हात थरथरतो, अंगावर सांडतं, पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही. ह्यांनाही तसंच वाटतं. हॉलमधल्या क्रोटनची माती बोटाने पाहा, वरून कोरडी असेल तरच पाणी घाला. पानं ओल्या फडक्याने हलकेच पुसा, धुळीने त्यांचा लाल-पिवळा रंग दबतो. कुंडी खिडकीतून हलवू नका, जागा बदलली की ते पानं टाकतं. त्याला उजेड मिळावा म्हणून तुमची खाट गॅलरीत ठेवली आहे, ती आत आणू नका. कालच्या पोळ्या डब्यात आहेत. – अनुपमा"

नातीला, ज्ञानेश्वरीला, मारुतरावांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी फडकं भिजवलं आणि थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून एकेक पान पुसायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. नात रडत होती.

"आबा, तुम्हाला हे स्थळ पसंत नाही म्हणून तुम्ही आला नाहीत, असं आई सगळ्यांना सांगतेय. खरं आहे का?"

मारुतरावांनी फडकं कुंडीच्या काठावर ठेवलं.

"न्हाई गं पोरी. पोरगा लाखात एक हाय. मला सकाळधरनं ताप हाय, म्हणून मीच न्हाई म्हणलो."

"मग आई असं का म्हणाली?"

"तिच्या ऐकण्यात चूक झाली आसंल. डोळं पूस आधी, पाव्हणं बघत्यात."