झाकण वेगळं बांधायचं असतं

४ जून
आजपासून रोजनिशी. धंद्याला शिस्त हवी. ही बहिणीकडे गेलीय, चार दिवस हवापालट. चाक नेलं, माती नेली, भट्टीसुद्धा टेम्पोत घालून नेली. हवापालटाला जाताना भट्टी नेतात हे मला नवीनच. पण कलाकार माणूस, चालायचंच.
फळीवर हिच्या किटल्या अजून बऱ्याच आहेत. ही घडवायची, मी पॅक करून गिऱ्हाइकांना पाठवायचो. निम्मा धंदा माझा. खरं तर निम्म्याहून जास्तच.

७ जून
तीन पार्सलं परत. तिन्हींची झाकणं फुटलेली. कुरिअरवाले दगडधोंडे फेकावेत तसे फेकतात. खोक्याच्या सगळ्या बाजूंनी लाल शाईत ‘नाजूक’ लिहिलं होतं. वाचायचंच नाही म्हटल्यावर मी काय डोकं फोडू?
हिचं एक टुमणं असायचं, की झाकण काढून वेगळं गुंडाळ, किटलीवर बसवून पाठवलं की आपटतं. मला कधी पटलं नाही. झाकण किटलीचं आहे, त्याने तिच्यावरच राहायला हवं. मी वरून चिकटपट्टी आवळतो. अशी घट्ट, की हलायची बिशाद नाही.

८ जून, दुपार
संकल्प : बबल रॅपचे फुगे फोडायचे नाहीत. माल वाया जातो.

८ जून, संध्याकाळ
निम्मा रॅप फोडून झाला. मन शांत होतं. आणि फोडलेला रॅप हाही रॅपच.

११ जून
एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन. किटली फुटकी आली. विचारत होत्या, आधी पॅकिंग कोण करायचं? छाती फुगवून सांगितलं, मीच. तरीच, म्हणाल्या. तेव्हाही फुटकीच आली होती, पण तुमच्या मिसेसनी माफी मागून दुसरी घडवून पाठवली.
मला हे ठाऊकच नव्हतं. निदान सांगायचं तरी!
आणखी कितीजणांना पाठवल्या असतील कोण जाणे. जेवण गेलं नाही.

१३ जून
हिचा फोन!! करमत नसणार, दुसरं काय. बोलली मात्र किटलीबद्दलच. हिने घडवलेली पहिली किटली, चोच जरा वाकडी, म्हणून विकली नाही. रोजचा चहा तिच्यातच व्हायचा. ती पाठव म्हणाली. म्हटलं, येऊन घेऊन जा, चहा पिऊ. नको म्हणाली, कुरिअरने पाठव. आणि फुटली तर फुटली, तसं कळव म्हणाली.
हे मनाला लागलं.

१५ जून, सकाळ
ही किटली फुटून चालणार नाही. पण धड पोचूनही चालणार नाही. एकदा पोचली की हिचं इथे काय उरलं? मी उरतो, पण ते कारण आधीही पुरलं नव्हतं.

१५ जून, दुपार
सुचलं! किटली पाठवायची, झाकण ठेवून घ्यायचं. चुकून राहिलं म्हणायचं. चिडेल, फोनवर झाडेल, मग न्यायला येईलच. किटलीही शाबूत, संसारही शाबूत. या डोक्याची हिला कदर नाही.

१६ जून
झाकणच नाही म्हटल्यावर चिकटपट्टी कशावर आवळणार? हिच्या पद्धतीनेच केलं. पोटात कागदाचे सैल बोळे, चोचीला वेगळी गुंडाळी, चहूबाजूंनी बोटभर जागा. न फोडलेला रॅप. खोका हलवून कानाशी धरला, हूं की चूं नाही.
कुरिअरवाला म्हणाला, साहेब, मांडीवर घेऊन काय बसलात, द्या आता. दिला. आणि भरून आलं एकदम. त्याने प्यायला पाणी मागितलं. बाटली त्याच्या खांद्यालाच लटकत होती. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

१८ जून
घर झाडलं. दूध जास्तीचं घेतलं. भांडणाची तालीम केली. या वेळी आधी मी ऐकून घेणार. जमेल.

१९ जून
दूध नासलं.

२० जून
हिचा मेसेज. किटली पोचली, साधा ओरखडासुद्धा नाही. झाकण राहिलंय, पण शोधत बसू नकोस, वर बशी ठेवली की भागतं. आणि शेवटी, धन्यवाद.
हिने मला आजवर काय काय म्हटलंय. आडमुठा म्हटलंय, एकदा रद्दीवाल्याला देऊन टाकीन म्हटलंय. धन्यवाद कधी म्हटलं नव्हतं. आपल्या माणसाला कोण म्हणतं?
माझ्या हातचं पहिलंच पार्सल असेल, जे धड पोचलं.

२० जून, संध्याकाळ
चहा पातेल्यात केला. झाकण वर ठेवून पाहिलं. चहात पडलं. फुटलं नाही मात्र.