शिवतेजचा कऱ्हा कोण धरणार

कुपवाड,
१२ जानेवारी २०२५

सौ. वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार. हंबीरदादांचा गुडघा आता बरा असेल. पत्र बघून हसू नका. फोनवर मी गमतीच करत बसतो आणि मुद्दा राहून जातो.

साताऱ्यात शिवतेजच्या लग्नाची धांदल सुरू झाली असणार. आमची बातमी अशी, की आमचा पालकांचा गट दिव्यांग मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या जाळ्याशी जोडला गेला. तुमची जाऊ रेश्मा वर्षभर मागं लागली होती. मी म्हणायचो, अबोलीची चाकाची खुर्ची मी स्वतःच्या हातानं बनवली, कुठल्या शाळेत न जाता. मला कुणी काय सांगायचं?

पहिली बैठक इस्लामपूरला झाली. अबोलीला घेऊन गेलो, खरं तर खुर्ची दाखवायला. पाठीचा कोन, पायाची पट्टी, ब्रेक, सगळं समजावून दिलं. वेल्डिंगचा सांधा बोट फिरवूनही कळणार नाही. लोकांनी वाकून वाकून पाहिलं. मग जतच्या दगडाबाई बोलल्या. त्यांचा मुलगाही खुर्चीवरच असतो.

"खुर्ची लय झकास हाय, भाऊ. पोरगी हिच्यात बसून कुठं कुठं जाऊन आली?"

"व्यायामाला जाते. दवाखान्यात जाते."

"आन् लग्नाला? जत्रंला?"

"गर्दी तिला सोसत नाही."

"तिला सोसत न्हाई का तुमाला?"

सगळी बैठक हसली. सगळ्यांत जास्त अबोली हसली, वहिनी. सतरा वर्षांची पोरगी बापाच्या फजितीवर इतकी खूश होते, हे मला नवीन होतं.

परत येताना गाडीत ती म्हणाली, नेहमीसारखी थांबून थांबून, "शिवादादाची... करवली... मी."

तर मुद्दा हा. तुम्ही पूजाला करवली ठरवलंय. मीच अबोली येणार नाही असं कळवलं होतं, तेव्हा तुम्हाला बोल नाही. पूजा गुणी आहे. पण ती तुमच्या भावाची मुलगी, म्हणजे शिवतेजच्या मामाची. आपल्याकडं मामाची पोरगी म्हणजे हक्काची नवरी. तीच नवरदेवामागं कऱ्हा घेऊन उभी राहिली, तर म्हाताऱ्या मांडवातच विचारतील, "आवं, सोयरीक घरातच हुती की, मग भाईर कशाला गेला?" सख्खी बहीण नाही, तेव्हा मान चुलत बहिणीचा.

कऱ्हा ठेवायला मी खुर्चीच्या हाताला स्टीलची कडी बसवली होती, अगदी मापात. अबोलीनं ती काढायला लावली. हातातच धरणार म्हणते. हात थरथरतो, थोडं पाणी सांडेल, कदाचित शिवतेजच्या शेरवाणीवरही. आधीच सांगून ठेवतो. स्वयंपाकघरात तांब्या घेऊन सराव चालू आहे. फरशी कायम ओली असते आणि रेश्मा न कुरकुरता पुसते, यावरून काय ते ओळखा.

तुमचं ठरेल ते मला कळवू नका. फोन अबोलीलाच करा. नाही म्हणायचं असलं तरी तिलाच सांगा. आजवर तिच्या वतीनं नाही म्हणायचं काम मीच करत आलो. तेवढं तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.

शिवतेजचा चुलता, आणि तुम्ही होय म्हणालात तर करवलीचा बाप,
नाथाजी