इंजिनावरची मुंगी

प्रिय मुंगी,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. पुढचं खरं लिहिते.

फोन करायचा तर बाबा शेजारीच असतात, आणि चार वर्षांत या घरात तुझं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही. मी देवापुढे घेते, तेही ओठांतल्या ओठांत.

निवृत्त झाल्यावर बाबांनी एक वीतभर लांबीचं इंजिन आणलं. खेळणं म्हटलं की चिडतात, 'मॉडेल' म्हणायचं. त्यांनी एकोणीस वर्षं चालवलं त्याच जातीचं, पण दुकानातलं हे ध्यान नव्या नवरीसारखं चकचकीत. मग त्याचं 'आपलं' इंजिन करायला बसले. खरं इंजिन तर केव्हाच भंगारात गेलं. पुढचे दोन दिवे काढून एकच मोठा बसवला. प्लास्टिकचे कठडे तासून टाचण्या वाकवून लावल्या. बाजूच्या जाळीसाठी माझी चहाची गाळणी कापली. मी बोलले, तर म्हणाले, गाळणी दुसरी मिळेल. आता जेवायच्या टेबलावर त्यांचा कारखाना आणि माझं ताट मांडीवर. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे 'कात्री दे' आणि 'पंखा बंद कर, रंग वाळतोय'. कधी कधी पोथी मुद्दाम मोठ्यानं वाचते, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला. ते डॉक्टरकडे गेले होते. टेबल पुसताना पाहिलं, तर इंजिन काजळीनं माखलेलं. म्हटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही, आपणच करू. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि लख्ख करून ठेवलं. अगं, ती काजळी त्यांनी दोन दिवस खपून कोळशाच्या भुकटीनं चढवली होती, खऱ्यासारखी दिसावी म्हणून! मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते नुसते खुर्चीत बसले. मग ड्रायव्हरच्या खिडकीखाली बोट ठेवून म्हणाले, "सगळं नव्हतं पुसायचं गं. एवढंच पुसायचं होतं."

तुला आठवतंय ना? सात वर्षांची होतीस. तुला घेऊन मी बाबांना डबा द्यायला गेले होते आणि तू खिळ्यानं इंजिनाच्या त्याच खिडकीखाली मुंगी कोरलीस, तीन गोळे आणि सहा पाय. साहेबांसमोर बाबांनी तुला थप्पड मारली. दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं, खरवडून टाकली. खोटं होतं ते. साहेब येणार असले की तिच्यावर ग्रीस फासायचे आणि गाडी सुटायच्या आधी रुमालानं तेवढी जागा पुसायचे. अकरा वर्षं. हे त्यांनी आत्ता सांगितलं तेव्हा कळलं मला, बघ.

तू इंजिन ड्रायव्हरची परीक्षा दिलीस तेव्हा हेच बाबा म्हणाले होते, बाईमाणसाचं काम नव्हे, गेलीस तर परत येऊ नकोस. तूही त्यांचीच लेक, गेलीस ती गेलीसच. मी मात्र उंबऱ्यात मुकाट उभी राहिले. तुम्हा दोघांचं काय चुकलं ते देव जाणे, माझं हे चुकलं.

काजळी त्यांनी पुन्हा चढवली आहे. नंबर, दिवा, खऱ्यासारखा वाकलेला कोपरा, सगळं झालं. फक्त मुंगी राहिली. मी म्हटलं, मी काढते. तर म्हणाले, "जिची आहे तिनं काढावी." आणि कूस बदलून झोपले. मुंगे, डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला आणि उजव्याचे फार तर दोन-तीन महिने. हे तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. देव मला क्षमा करील. त्यांना दिसतंय तोवर ये. बारीक खिळा मी देवापुढे ठेवला आहे.

तुझीच,
आई