नोटिशीचा चौथा आठवडा

टॅलन काउंटी, अलाबामा
मंगळवार, १ नोव्हेंबर १९८८

प्रिय हॉलिस,

तू आणि मार्जी खुशाल असाल. इकडे ओपल मावशीची कंबर धरलीय, तोंड मात्र चालू आहे. यंदा झाडांखाली पेकानची फळं भरपूर पडलीत.

काल शायलो चर्चकडे गेले होते, आईच्या कबरीवरची पानं झाडायला. तिकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी दोन नवे लोखंडी खांब रोवलेत, मध्ये फाटक बसेल एवढी जागा सोडून. पलीकडे लाकूड कंपनीचं शिकारीचं रान. खांब कोणाचे म्हणून विचारलं, तर त्यांचा राखणदार हसला. "पुढच्या मंगळवारनंतर कळेल, बाई."

पुढच्या मंगळवारी मतदान आहे, हॉलिस. पाणी कुठं मुरतंय ते मला तिथंच कळलं.

आपल्या काउंटीला शिंकायचं झालं तरी अलाबामाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागते. मंगळवारी मताला येणारी दुरुस्ती आमचा आमदार म्हणून तूच मांडलीस. विधानसभेत एकानंही विरोध केला नाही. दुसऱ्याच्या काउंटीत नाक कोण खुपसणार? म्हणून मत फक्त आपल्याच लोकांनी द्यायचं. मतपत्रिकेवर लिहिलंय, 'रस्त्यांच्या सुधारणेसाठी'. सुधारणा म्हणे! आतलं कलम म्हणतं, डांबर नसलेला कुठलाही रस्ता काउंटीच्या आयोगाला सुनावणी न घेता कायमचा बंद करता येईल.

रविवारी प्रार्थनेनंतर लेम्युएलकाकांनी मला गाठलं. "व्हर्ना, त्या दुरुस्तीला 'हो' म्हणायचं ना? आपल्याकडे डांबर पडेल म्हणतात."

"हॉलिसलाच विचारा की."

"त्याला काय विचारायचं? आपलंच पोरगं आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ते कलम मी केव्हाच वाचलं होतं.

मतदानाआधी सलग चार आठवडे ते नोटीस म्हणून मी चालवते त्या साप्ताहिकात छापायचं, असा नियम. तुझा फोन आला, "ताई, बारीक अक्षरात टाक, डुकरांच्या लिलावाखाली." मी टाकलं. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या आठवड्यातच अर्थ लक्षात आला होता, तरी गप्प बसले. भाऊ आहेस, तुझं काहीतरी कारण असेल, अशी मनाची समजूत घातली. ते कारण आजही विचारत नाही. तू सांगशील आणि मला ते पटेल, याचीच भीती वाटते.

दर मे महिन्यात सगळी भावकी जमून कबरी सजवते, तिथंच फळ्या मांडून जेवते. फाटक लागलं तर लेम्युएलकाकांनी बायकोला फुलं कुठून वाहायची? कुंपणावरून फेकायची?

परवाच्या अंकात नोटीस चौथ्यांदा येतेय. पहिल्या पानावर, पूर्ण कलम, काकांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात. शेजारी खांबांचा फोटो. खाली मांडणाऱ्याचं नाव, आणि तीन आठवडे ते लपवणारीचंही.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा अंक घरोघरी पोचलेला असेल. मुद्दामच फोन केला नाही. फोनवर तू मला 'ताई' म्हणाला असतास.

'नाही'वर खूण करणारी,
तुझीच बहीण
व्हर्ना